तेजाबाच्या बरण्या

मुक्ताबाईने लोणच्याच्या तिन्ही बरण्या रिकाम्या केल्या, राखेने घासल्या आणि ओट्यावर उन्हात पालथ्या घातल्या. चिनीमातीच्या, बुटक्या, पोट सुटलेल्या बरण्या. लग्नात माहेरहून आलेल्या.

"लोणचं मडक्यात भरलंय. बुरसलं तर तुमीच खायचं," ती नवऱ्याला म्हणाली.

"खाईन," हरिबा म्हणाला आणि बरण्या उचलून मागच्या छपरात गेला. वाद घालायची त्याची तयारीच नव्हती.

हरिबा सिरसाळ्याच्या जिनात मिस्तरी होता. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना सुंदररावांचा. तिथलं वाफेचं इंजन हरिबाखेरीज कुणाचं ऐकत नसे. तरुणपणी दोन वर्षं तो हैदराबादेत एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात राबला होता. त्यामुळे सुंदररावांची मोटार ओढ्यात कोसळून भंगार झाली तेव्हा तिचा डायनामो आणि फुटकी बॅटरी त्याने मागून घेतली. बॅटरीच्या आतले शिशाचे पत्रे भुसभुशीत होऊन गेले होते. हरिबाने ते बोटांनी चाचपले, उलटेपालटे केले आणि मनाशी ठरवलं, हे आपल्याला जमेल.

त्याला विजेवर चालणारी सायकल करायची होती. स्वतःसाठी नव्हे, थोरल्या बहिणीसाठी.

छबुबाई सुईण होती. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. बाळंतपणाला कुणी बोलावलं की चिरगुटांचं बोचकं काखेत मारून ती निघे. चार कोस असो नाहीतर सहा, पायीच. पोटुशीच्या पोटाला कान लावून ती सांगे, पोर असं हाय, डोकं इकडं हाय, भिऊ नका. आणि तसंच निघे.

दोन हंगामांपूर्वी ती हरिबाची भाकरी घेऊन जिनात गेली होती. इंजनाच्या पट्ट्याखालून वाकून पलीकडे जात असतानाच इंजन सुरू झालं. पट्ट्याने लुगडं ओढलं, लुगड्याबरोबर पाय. गुडघा जो निकामी झाला तो कायमचा. पाय काठीसारखा ताठ राहिला.

"शिट्टी दिली न्हवती का?" सुंदररावांनी तेव्हा दरडावून विचारलं होतं. वाफ सोडण्याआधी शिट्टी द्यायची, हा जिनातला पहिला नियम.

"दिलती मालक," हरिबा म्हणाला होता. "आक्काला ऐकू आली न्हाई."

शुद्धीवर आल्यावर छबुबाईनेही तेच धरून ठेवलं. येईल त्याला ती सांगे, "त्याची काय चूक? माझेच कान गेले बगा."

शिट्टी हरिबाने दिलीच नव्हती. सकाळपासून इंजन कुरकुरत होतं, तो चिडला होता, आणि विसरला. इतकंच. पण तोंडातून एकदा गेलेला शब्द गावभर झाला आणि परत घ्यायची वेळ निघून गेली, असं तो स्वतःला समजावत राहिला. बहीण भिंतीला धरून मोरीपर्यंत जाताना दिसली की तो नजर फिरवी.

गावातल्या बायांकडे ती अजून जाई, काठी टेकत. लांबच्या मोठ्या घरांतून बैलगाडी येई. पण माळावरच्या मेंढपाळांकडे कुठली गाडी? गेल्या साली धुळाजी धनगराची थोरली सून साखराबाई अडली. धुळाजी सहा कोस धावत आला, पण छबुबाईला घेऊन जायला त्याच्याकडे काही नव्हतं. गाडी मागत तो गावात दारोदार हिंडला. गाडी मिळून ती माळावरच्या मेंढवाड्यावर पोचली तेव्हा साखराबाई गेली होती, पोटातल्या पोरासकट. तिथून परत आल्यापासून छबुबाई कमी बोलायची. त्याच आठवड्यात हरिबाने दोन मोडक्या सायकली आणल्या.

गुडघा वाकत नाही म्हणजे पायडल मारता येत नाही. म्हणून चाकं तीन, मागे बसायला पाटी, आणि पायाचं काम डायनामोने करायचं. त्याला बाहेरून वीज दिली की तोच उलट चाक फिरवतो, हे हरिबाने हैदराबादेत पाहिलं होतं. प्रश्न होता बॅटरीचा. त्याने जुने पत्रे वितळवले, चहाच्या खोक्यांतलं शिशाचं अस्तर त्यात घातलं आणि सपाट फरशीवर ओतून पातळ पत्रे काढले. गंधकाचं तेजाब बीडहून आणवलं. विहिरीचं पाणी खारट, म्हणून इंजनाची वाफ निववून धरलेलं पाणी घेतलं. एकेका बरणीत पत्र्यांची चळत उभी करायची. पण पत्र्याला पत्रा चिकटता कामा नये. पहिल्यांदा त्याने मध्ये मांजरपाटाच्या पट्ट्या घातल्या. आठ दिवसांत तेजाबाने कापड खाऊन टाकलं, पत्रे एकमेकांना टेकले आणि बरणी इतकी तापली की हात लावता येईना.

"कापूस कुठं टिकतोय तेजाबात," तो डोकं धरून बसला.

छबुबाई दाराशी ताठ पाय पसरून बसली होती. "मग तेजाब खात कशाला न्हाई?"

"काचेला. चिनीमातीला."

"कासाराकडं फुटक्या बांगड्यांचं टोपलं भरून असतं," ती म्हणाली.

हरिबाने लगेच कासाराला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी टोपलं आलं. मग ती रोज त्याच्यासोबत बसू लागली. बांगड्यांचे सारख्या मापाचे तुकडे निवडायचे आणि दोन पत्र्यांच्या मध्ये अलगद बसवायचे, हे काम तिच्या बोटांना त्याच्यापेक्षा चांगलं जमे. तेजाबाच्या शिंतोड्यांनी तिच्या लुगड्याला भोकं पडली.

जिनाच्या पट्ट्यावर डायनामो फिरवून बरण्या भरायच्या, मग मोटारीचा दिवा लावून रिकाम्या करायच्या, पुन्हा भरायच्या. असं दीड महिना चाललं. हळूहळू निम्मे पत्रे चॉकलेटी झाले, निम्मे राखी. दिवा आधी चार पळं जळायचा, तो आता तासभर जळू लागला. छबुबाईचा चेहरा उजळला होता, आणि तिचा चेहरा जसजसा उजळे तसतसा हरिबा पत्र्यांत डोकं खुपसून बसे. एकदा ती आपण होऊन म्हणाली, "हरी, तू माझ्यासाठी एवढं करतूस. लोकं म्हणत्यात, असा भाऊ न्हाई."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मुक्ताबाईने विचारलं, तर म्हणाला, तेजाबाचा वास नाकात बसलाय.

फाल्गुनात एका सकाळी गाडी रस्त्यावर काढली. बरण्या पाटीमागच्या लाकडी चौकटीत घट्ट बांधल्या होत्या. तेजाब हिंदकळू नये म्हणून तोंडं मेणाने बंद केली होती आणि आतला वायू निघून जायला प्रत्येक झाकणाला बारीक भोक ठेवलं होतं. छबुबाई पाटीवर बसली, ताठ पाय पुढच्या दांड्यावर टेकला. हरिबाने तिचा हात खटक्यावर ठेवला.

"दाबला की चालती. सोडला की थांबती. भिऊ नगंस."

"भ्यायला काय झालं," ती म्हणाली आणि खटका दाबला.

गाडी गुरगुरली, अडखळली आणि चालू लागली. माणूस झपझप चालेल तेवढ्या वेगाने, पण आपली आपण. जिनासमोरच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. कुणी ओरडलं, "बिनबैलाची निघाली रं छबुआक्का!" हरिबा शेजारून पळत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने बहिणीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. ती हसत होती.

गावाबाहेर रस्ता चाकोऱ्यांचा होता. गाडी दणके खात होती. ऊन चढलं. अर्ध्या कोसावर छबुबाईचं हसू मावळलं. तिने मान किंचित मागे वळवली.

"काय गं आक्का?"

"काय न्हाई."

"मग?"

"काय न्हाई म्हणलं ना. चल तू."

थोडं पुढे गेल्यावर गाडीचा वेग मंदावला. हरिबाला वाटलं, साखळी अडकली. त्याने तिला थांबवायला सांगितलं आणि मागच्या चाकाशी वाकला. त्याच क्षणी मधली बरणी फुटली. फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि उकळतं तेजाब त्याच्या डाव्या हातावर, मानेवर आणि गालावर उडालं.

तो ओरडत धुळीत लोळला. पुढचं त्याला तुटक तुटक आठवतं. छबुबाई गाडीवरून खाली पडली होती, की तिने उडी मारली होती? ताठ पाय फरफटत ती त्याच्यापर्यंत आली, बंडीला धरून तिने त्याला शेजारच्या मळ्याकडे ओढलं. मोट चालू होती, पाटाला पाणी होतं. तिने त्याला पाटात लोटलं, मान पाण्याखाली धरली, अंगावरची बंडी फाडून काढली आणि ओंजळीने पाणी मारत राहिली. मारतच राहिली.

आग थोडी निवल्यावर तो पाटाच्या कडेला टेकून बसला. डोळा वाचला होता. हाताची कातडी पांढरी पडून सुटत होती. छबुबाई चिखलात बसली होती आणि रडत होती.

"मला ऐकू आलतं रं," ती म्हणाली. "मघापासून. आधण आल्यावानी सूं सूं करत हुती बरणी."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"कुठल्या तोंडानं बोलू? शिट्टी माज्या कानाला ऐकू येत न्हाई, आन् बरणीतलं ऐकू येतंय? म्हणलं, भास असल. तू येवढा खुशीत पळत हुतास." तिने नाक पुसलं. "माज्या कानापायी आधी पाय गेला, आज तू जळलास."

हरिबाच्या हाताची आग होत होती, पण त्या बोलण्याने जे झालं ते त्याहून वाईट होतं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आक्का, मी शिट्टी दिलीच न्हवती."

तिला कळलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं. विसरलो होतो, मालकाला भ्यालो, खोटं बोललो, नंतर धीर झाला नाही. सगळं.

मोटेच्या चाकाची कुरकुर तेवढी चालू होती. छबुबाईने विचारलं, "म्हंजी माजे कान चांगले हुते?"

"हुते."

"त्या दिवशी बी?"

"त्या दिवशी बी."

ती उठायचा प्रयत्न करू लागली. त्याने हात पुढे केला, तो तिने झिडकारला. विहिरीच्या काठचा दगड धरून कशीबशी उभी राहिली.

"साखराबाई सातव्यात असताना बाजाराला आलती," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "मी पोटाला कान लावला. ठोका बेंबीच्या वर लागत हुता. डोकं वर, पाय खाली. मला सपष्ट ऐकू आलं, हरी. आन् मी म्हणलं, बहिऱ्या कानाचं काय खरं. तिला सांगितलं, समदं नीट हाय, जा. तवाच खरं बोलले असते तर मी तिला गावातच ठिवून घेतलं असतं. शेवटाला गाडी धुंडायची पाळी आली नसती."



"पाय गेला त्याचं मी सोशीन," छबुबाई म्हणाली. "पर हे धुळाजीला सांग. मी न्हाई सांगणार. तू सांग."

घरी परतल्यावर तिने कोरफड कापून त्याच्या जखमांवर लावली, रोज लावत राहिली, पण त्याच्याशी बोलली नाही. मुक्ताबाईला तिनेच सगळं सांगितलं. मुक्ताबाई त्या दिवशी नवऱ्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "आवो, मी वन्संला धा डाव म्हणले असंन, नीट ऐकत जा म्हणून. माज्याकडनं बी पाप करवलं तुमी." आणि आत निघून गेली.

पंधरा दिवसांनी हात गळ्यात बांधून हरिबा जिनात गेला आणि सगळ्या कामगारांसमोर सुंदररावांना खरं सांगितलं. सुंदररावांनी इंजनाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "शिट्टी विसरणारा मिस्तरी एकवार चालंल. खोटं बोलणारा इंजनापाशी नको." हरिबाने किल्ल्या ठेवल्या. हे त्याला अपेक्षितच होतं. खरी अवघड वाट पुढे होती.

धुळाजीचा वाडा तेव्हा माळावर, सहा कोसांवर होता. हरिबा पहाटे निघाला आणि उन्हं वर आल्यावर पोचला. म्हातारा कोकराच्या पायात रुतलेला काटा काढत होता. हरिबा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि शिट्टीपासून साखराबाईच्या बेंबीपर्यंत सगळं बोलून गेला. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. धुळाजीचे हात थांबले. कोकरू सुटून पळालं.

"हे मला सांगितलंस कावून?" तो शेवटी म्हणाला. "मी तिला देवाच्या मर्जीवर सोडून बसलो हुतो. आता कुणावर सोडू?"

"मला काय शिक्षा करायची ती करा."

"तुला मारून माजी सून उठती का बे?" धुळाजी ओरडला. मेंढ्या दचकून सरकल्या. पालातून एक पोटुशी बाई बाहेर डोकावली. धुळाजीने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "ही धाकली. कडूबाई. आठवा हाय. बाईचे कान चांगले हायत म्हणतूस ना? मग बाईला घेऊन ये. तू बोलू नगंस माज्याशी. फकस्त तिला आण."

हरिबाने नवी बरणी आणली, फुटक्या बरणीतले तयार पत्रे धुऊन तिच्यात बसवले. या वेळी बांगड्यांचे तुकडे राळेने पक्के केले आणि झाकणाला मेणाऐवजी बोरूची नळी बसवली, म्हणजे मागच्यासारखं उन्हात मेण वितळून भोक बुजायला नको. जिनाचं दार त्याला बंद झाल्याने बरण्या भरायला इंजन नव्हतं. मग त्याने सायकलीच्या उरलेल्या सांगाड्याचं चाक छपराच्या मेढीला ठोकलं, डायनामोला जोडलं आणि स्वतः पायडल मारायला बसला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पाच दिवस. मांड्या भरून येत, जळलेली कातडी घामाने चरचरे. छबुबाई भाकरी थापता थापता बघे आणि काही बोलत नसे. सहाव्या दिवशी ती बोचकं घेऊन गाडीवर जाऊन बसली.

चार कोस गाडीने नेलं, दोन कोस हरिबाने ढकललं. वाड्यावर पोचताच तिने कडूबाईला घोंगडीवर निजवलं, पोटाला कान लावला आणि डोळे मिटले. धुळाजी, त्याची बायको, सगळे भोवती उभे होते. तिने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग मान वर करून ठामपणे म्हणाली, "ह्याचं बी डोकं वरच हाय. मी आता हितनं हालणार न्हाई."

ती तीन आठवडे तिथेच राहिली. रोज तेल लावून, पोटावर हात फिरवून पोर वळवायचा प्रयत्न केला. ते वळलं नाही. कळा आल्या त्या दिवशी हरिबा वाड्यावरच होता, बरण्या बघायला आलेला. दुपारपर्यंत पालातून कडूबाईचं कण्हणं ऐकू येत होतं. मध्येच छबुबाईचा आवाज येई, "घाई न्हाई. मी सांगन तवाच." बाहेर बाभळीखाली धुळाजी आणि हरिबा दहा हातांवर बसले होते, एकमेकांकडे पाठ करून. पायांनी आलेलं पोर उन्हं कलताना बाहेर पडलं. आधी गप्प होतं. मग रडलं.

धुळाजी उठून पालाकडे पळाला. हरिबा जागचा हलला नाही.  एक पोर जगलं म्हणजे दुसरं परत येत नाही, हे त्याला त्या रडण्यातही कळत होतं. संध्याकाळी धुळाजीच्या बायकोने त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवली. धुळाजी तिकडे बघून न बघितल्यासारखं करून मेंढ्या मोजायला गेला. ती वाटी हरिबाने प्यावी की नाही, हे त्याला बराच वेळ ठरवता आलं नाही. दूध निवून साय धरली तेव्हा त्याने ती प्यायली.

पुढे छबुबाई त्या गाडीवरून माळभर हिंडली. हरिबा गावात लोहारकाम करू लागला, मोटांची चाकं आणि नांगराचे फाळ. तिच्या एका कोसासाठी त्याला चार कोसांचे पायडल मारावे लागत. ती त्याच्याशी बोलायची ती बरण्यांपुरतीच. डावीकडच्या बरणीत पाणी उतरलंय. पुढचं चाक ओढतंय. एवढंच. मुक्ताबाईला वाटे, आज ना उद्या बोलतील. हरिबाने वाट बघायचं सोडून दिलं होतं.

पुढल्या वर्षी चैत्र सरताना एका सकाळी माळावरून कुणीतरी बोलवायला आलं. छबुबाई बोचकं घेऊन बाहेर आली. हरिबा अजून पायडल मारत होता, घामाने भिजला होता.

"किती येळ लागंल?" तिने विचारलं.

"तासभर तरी."

ती ओट्यावर बसली. थोड्या वेळाने उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला, त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि पुन्हा जाऊन बसली.